नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेत एका मात्रेने केवढा अर्थ पालटतो पाहा. बाराव्या दिवशी पाळण्यात घालून आपण मुलाचे नाव ठेवतो. पुढे तेच मूल मोठे झाले की गाव त्याला नावे ठेवते. गाव तेच, माणूसही तोच. पण ‘नाव’चे ‘नावे’ झाले की आशीर्वादाची निंदा होते. खेड्यातील टोपणनावांची परंपरा या एका मात्रेच्या अंतरात नांदत आली आहे. कधी ती आशीर्वादाकडे झुकते, कधी निंदेकडे.

आपण माळकरी नामधारक मंडळी. देवाचे नाव कसे घ्यावे, केव्हा घ्यावे, कोणत्या भावाने घ्यावे, याविषयी कीर्तन-प्रवचनांतून आपण पुष्कळ ऐकतो. माणसाचे नाव कसे घ्यावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक संतांच्या चरित्रांत या प्रश्नाचे उत्तर जागोजागी आहे, कारण संतही याच गावगाड्यात जन्मले, वाढले, आणि गावाने त्यांनाही नावे ठेवली होती.

मुळात खेड्यात टोपणनाव लागते का? पहिले कारण अगदी साधे आहे. माणसे फार आणि नावे थोडी. त्यातून गाव वारकऱ्यांचे असेल तर पाहायलाच नको. घरोघर ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम, एकनाथ, सोपान, निवृत्ती, विठ्ठल, पांडुरंग. मुलींत मुक्ता, जना, रखमा. एका आळीत चार तुकाराम निघाले तर हाक कोणाला मारली हे कळायचे कसे? मग थोरला तुका, धाकटा तुका, मळ्यातला तुका, वेशीजवळचा तुका असे भेद पडतात. यात निंदा नाही, फक्त सोय आहे. संतांची नावे लेकरांना ठेवण्याच्या आपल्या प्रेमानेच ही गरज निर्माण केली, असेही म्हणता येईल.

दुसरे कारण आदराचे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल जुनी. पण सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, हीही चाल तितकीच जुनी. मग पोटच्या पोराला ती हाक कशी मारणार? म्हणून पाळण्यातले नाव पाळण्यातच राहते आणि पोर घरात बाळू, बापू, अप्पा, अण्णा, नाना होऊन वाढते. सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही गाव बाळूच म्हणते आणि तोही कौतुकाने ‘ओ’ देतो.

तिसरे कारण भीतीचे. ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात नव्या बाळाला मुद्दाम हलके नाव देत. दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिकू, उकिर्डा. काही ठिकाणी तर बाळाला उकिरड्यावर क्षणभर ठेवून पुन्हा उचलून घेत. सटवाईची, दृष्टीची, मृत्यूची नजर सुंदर वस्तूवर पडते. दगडाकडे आणि कचऱ्याकडे कोण पाहणार, असा तो भाबडा हिशेब. नाव वरून तुच्छतेचे, पण त्यात आईचा जीव गुंतलेला असे. धोंडू म्हणताना तिच्या मनात एकच मागणे असे, की हा धोंड्यासारखा टिको.

आणि चौथे कारण चेष्टेचे. चालण्यात लंगड दिसली की लंगड्या, ऐकू कमी आले की बहिऱ्या, बोलण्यात अडखळला की बोबड्या, रंगाने सावळा असला की काळ्या. कोणी एकदा कर्ज बुडवले, कोणी एकदा पंगतीत जास्त जेवला, कोणी भूत दिसले म्हणून पळाला. तो प्रसंग सारे विसरतात, पण त्यावरून पडलेले नाव माणसाच्या तिरडीपर्यंत सोबत जाते. पुष्कळदा त्याच्या मुलांनाही वारशाने मिळते.

असे वारशाने मिळालेले नाव म्हणजेच पुष्कळ ठिकाणी आडनाव. आडवाट म्हणजे मुख्य वाटेच्या बाजूची वाट, तसे आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या बाजूचे नाव. जुन्या काळी माणसाची ओळख त्याच्या नावाने, बापाच्या नावाने, गावाने आणि गावकामाने होई. पाटील, कुलकर्णी, चौगुले हे वतनावरून. सुतार, लोहार, कुंभार, परीट हे बलुत्यावरून. अमुककर हे गावावरून. यांच्याच जोडीला काळे, गोरे, घारे, टकले, बोबडे, ढेरे, गोडबोले, कडू अशीही आडनावे आहेत. कोण्या एका पूर्वजाच्या रंगावर, डोळ्यांवर, पोटावर किंवा जिभेवर गावाने केलेली टिप्पणी त्यांत अजून ऐकू येते.

इंग्रजी अमलात ही बोलण्यातली नावे कागदावर आली. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीच्या नव्या पाहणीला सुरुवात झाली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. खातेदाराचे नाव सरकारी दप्तरात बांधले गेले. १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होऊ लागली. शाळांचे पट आले, कोर्टाची कागदपत्रे आली. तोंडी नाव पिढीगणिक बदलू शकते. कागदावरचे नाव बदलत नाही. तुकोबारायांची पालखी दरवर्षी ज्या इंदापुरातून जाते, तिथे हा बदल सुरू झाला हा योगायोगच. कारण तुकोबारायांच्या घराण्याची ओळखही अशीच दुहेरी होती. कूळ मोरे, उपनाव आंबिले. आणि ही दोन्ही नावे आज अभ्यासकांपुरती उरली आहेत. जगाच्या तोंडी राहिले ते फक्त तुकोबा.

या ‘तुकोबा’ शब्दापाशी थोडे थांबू. आपल्या भाषेत माणसाची किंमत नावाच्या शेपटावरून कळते. तुक्या, तुका, तुकोबा, तुकोबाराय. नाव एकच, पण चार पायऱ्या. ‘या’ लावला की माणूस खाली जातो. ‘बा’ लावला की वडीलधारा होतो. ‘राय’ लावला की सिंहासनावर बसतो. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवणारा हा वाणी भल्या संसाराची धूळधाण करतोय, असे ज्या देहूतल्या लोकांना वाटत होते, त्यांनी कोणती पायरी वापरली असेल हे सांगायला नको. पण तुकोबांनी स्वतः अभंगाच्या शेवटी कोणते नाव घातले? ना तुकोबा, ना तुकाराम. नुसते तुका. नामदेवराय स्वतःला नामा म्हणवतात, नाथमहाराज एका, जनाबाई जनी, चोखोबा चोखा. गावात धाकट्याला ज्या एकेरी नावाने हाक मारतात, ते नाव या सर्वांनी आपल्या सहीसाठी निवडले. मोठेपणाच्या पायऱ्या त्यांनी स्वतः चढल्या नाहीत; त्या पायऱ्यांवर त्यांना आपण नेऊन बसवले.

हैबतबाबांचे उदाहरण तर या संप्रदायाची रीतच सांगते. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हे हैबतराव पवार, शिंदे सरकारच्या पदरी असलेले सरदार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानोबारायांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. सरदारकीतला ‘राव’ मागे राहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना ‘बाबा’ केले. आळंदीला देवळात शिरताना आपण ज्या पायरीवर माथा टेकवतो, ती हैबतरावांची पायरी कोणी म्हणत नाही; ती हैबतबाबांची पायरी. गोरा कुंभार वयाने वडील म्हणून गोरोबाकाका; सोपानदेव सोपानकाका; मुक्ताबाई मुक्ताई. अगदी अलीकडे शंकर वामन दांडेकर हे कॉलेजचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे पंडित. पण संप्रदायात ते सोनोपंत झाले आणि वारकऱ्यांचे मामा झाले. पदव्या गळतात आणि नाती जडतात, ही आपली नाव ठेवण्याची पद्धत आहे.

आता दुसरी बाजू पाहू. ज्या नावांनी संतांना टोचले, त्या नावांचे त्यांनी काय केले?

निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई या चार भावंडांना त्यांच्या गावाने दिलेले पहिले टोपणनाव होते ‘संन्याशाची पोरे’. वडिलांनी संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला, त्याचा दोष मुलांच्या कपाळी आला. चौघांची चार सुंदर नावे असताना लोकांनी एकच नाव वापरले, आणि तेही त्यांच्या हातून न घडलेल्या गोष्टीवरून. शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पैठणला गेली तेव्हाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेव या नावावरूनच तिथे चेष्टा झाली. नावात काय आहे, तो पखाली वाहणारा रेडाही ज्ञानाच आहे, असे कोणीतरी हसून म्हणाले. आपल्या नावाचा असा अपमान झाला तर आपण काय करू? रेड्याचे नाव बदला म्हणू, किंवा बोलणाऱ्याचा गळा धरू. ज्ञानदेवांनी दोन्ही केले नाही. रेड्यात आणि माझ्यात भेद नाही, असे ते म्हणाले. मग रेड्यावर आसूड उडाला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, असे परंपरा सांगते. पुढे त्याच रेड्याच्या मुखातून वेद निघाले. जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याच्या समाधीचे दर्शन आजही भाविक घेतात. वेद बोलण्याचा चमत्कार आपण मोठा मानतो. पण त्याआधी घडलेली गोष्ट मला अधिक मोठी वाटते. चेष्टेसाठी आपले नाव एका मुक्या जनावराशी जोडले गेले, आणि ते नाते त्या महापुरुषाने खरे मानून पाठीवर घेतले.

नामदेवरायांना मिळालेले नाव होते ‘कच्चे मडके’. संतांचा मेळा जमला असताना मुक्ताईने गोरोबाकाकांच्या थापटण्याविषयी विचारले. मडके पक्के की कच्चे हे याने कळते, असे काका म्हणाले. मग माणसांची मडकी पाहा, असे ठरले आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला. हे मडके कच्चे, असा निवाडा झाला आणि भर सभेत हसू उमटले. देवाशी बोलणारा, देवाला जेवू घालणारा लाडका भक्त, आणि त्याला असे नाव! नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. देवानेही नाव पुसून टाकले नाही. गुरू कर म्हणून सांगितले. नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. येथे टोपणनाव थापटण्यासारखे आहे. ते लागले, दुखले, पण त्यामागे घडवण्याची इच्छा होती. कुंभार मडके फोडण्यासाठी थापटत नाही.

आणि ज्यांनी नामदेवांना पक्के केले त्या विसोबांचे नावच पाहा. सांगतात की हे विसोबा चाटी आधी या चार भावंडांचा द्वेष करीत. मांडे भाजायला कुंभाराने खापर देऊ नये इथवर त्यांनी छळ केला. पुढे मांड्यांचा तो प्रसंग डोळ्यांनी पाहून त्यांचा अभिमान गळाला आणि ते भावंडांच्या पानातले उष्टे उचलून खाऊ लागले. तेव्हा ‘खेचरा, बाजूला हो’ अशा अर्थाचा शब्द त्यांच्या अंगावर आला. मराठीत खेचर म्हणजे गाढव आणि घोडी यांच्यापासून झालेले जनावर. ही शिवीच होती. पण विसोबांनी ती प्रसाद म्हणून घेतली आणि जन्मभर मिरवली. संस्कृतात ‘ख’ म्हणजे आकाश. खेचर म्हणजे आकाशात विहरणारा. शब्द एकच. द्वेष करीत होता तोवर जनावर, आणि द्वेष गळल्यावर आकाशातला विहारी. नाव बदलावे लागले नाही. माणूस बदलला आणि नावाचा अर्थ त्याच्या मागे गेला.

भक्तांनी तर देवालाही यातून सोडले नाही. गावात बाहेरून आलेल्या माणसाला त्याच्या मुलखावरून नाव पडते. कोकणातून आला तो कोकण्या, कर्नाटकातून आला तो कानडी. संतांनी पंढरीच्या राण्यालाही कानडा म्हटले. गावात काळ्या पोराला काळ्या म्हणतात. संतांनी देवाला सावळा म्हटले. जनाबाई रागावली की त्याला सरळ विठ्या म्हणते, आणि माया दाटली की विठाई. तुक्या ते तुकोबाराय या ज्या पायऱ्या, त्याच विठ्या, विठू, विठोबा, विठूराया. जगाचा मालक या पायऱ्यांवरून खालवर होतो आणि रुसत नाही. पण त्यातली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, काळा आणि सावळा. रंग एकच. डोळा तेच पाहतो. फरक पाहणाऱ्याच्या मनात आहे. टोपणनाव पुष्कळदा काहीतरी खरेच पाहून पडते, म्हणून ‘आम्ही खरे तेच बोललो’ हा बचाव पुरा पडत नाही. सावळा हेही खरेच आहे.

एकनाथ महाराजांनी तर गावातल्या टोपणनावांनाच कीर्तनाच्या रंगणात उभे केले. त्यांच्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, बहिरा, मुका येतो. जत्रेतला माणूस आधी हसतो, कारण ही नावे त्याने गावात चेष्टेसाठी वापरलेली असतात. आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की बहिरा म्हणजे संतवचन न ऐकणारा, पांगळा म्हणजे तीर्थाला पाऊल न उचलणारा, मुका म्हणजे नाम न घेणारा. म्हणजे तो स्वतःच. ज्याच्या पायात व्यंग आहे त्याच्यावरून नाव काढले आणि धडधाकट माणसाच्या कपाळी लावले, ही नाथांची युक्ती. भारूड ऐकून घरी गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला बहिऱ्या म्हणून हाक मारली, तर त्याला भारूड कळले नाही असे समजावे.

एवढे सांगून थांबले तर वाटेल, की संतांनी नाव पालटले आणि सारे ठीक झाले. तसे झाले नाही; ते लपवणे संतांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. चोखोबांना संतमेळ्याने आपले म्हटले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. शके १२६० ची ही गोष्ट. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी कशा ओळखायच्या? नामदेवरायांनी एकेक हाड कानाला लावले. ज्यातून विठ्ठल नाव ऐकू आले ती चोखोबांची, असे परंपरा सांगते. गावाने ज्याला जातीच्या नावाने हाक मारून दूर ठेवले, त्याची अंतिम ओळख देवाच्या नावाने पटली. त्या अस्थींची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर झाली. सारे कसे गोड वाटते. पण समाधी दारासमोर होती, आणि चोखोबांच्या माणसांना दाराच्या आत जायला पुढे सहा शतके लागली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले तेव्हा मंदिर सर्वांना खुले झाले. तोंडाने चोखोबा म्हणायचे, त्यांचे अभंग टाळ कुटून गायचे, आणि त्यांच्या लेकरांना जातीवरून हाक मारायची. असे आपण फार काळ केले. गोड नाव दिले म्हणजे काम झाले, असे नव्हे. नावामागे वागणे यावे लागते.

नावाची जखम जुन्याच काळी होती असेही नाही. हैबतबाबांच्याच सातारा जिल्ह्यात, ज्या जिल्ह्यातून माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी मुक्काम करीत जाते, तिथे आणि इतरत्रही मुलींना ‘नकुशा’ हे नाव ठेवत. मुलगा हवा होता, पुन्हा मुलगी झाली, म्हणून ही नकोशी. धोंडू आणि नकुशा या दोन नावांतला फरक लक्षात घ्यावा. दोन्ही हलकीच. पण धोंडूत ‘तू राहा’ अशी विनवणी होती. नकुशात ‘तू का आलीस’ असा प्रश्न आहे. शाळेच्या पटावर, दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर तो प्रश्न तिच्या सोबत फिरत असे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे समारंभ होऊन अशा २८५ मुलींची नावे बदलण्यात आली. आपण कोण हे पहिल्यांदा स्वतः निवडून सांगण्याची संधी त्या मुलींना मिळाली. त्याच मुलखात मुक्ताईचे नाव हरिपाठाबरोबर शतकानुशतके घेतले जात होते, हे आठवले की मान खाली जाते. मुक्ताईही चौथे अपत्य होती, आणि मुलगी होती.

मग टोपणनावे टाकूनच द्यावीत काय? तसे नाही. गाडगेबाबांकडे पाहा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचे हे नाव पाठ असलेले लोक थोडे. डोक्यावर, हातात फुटके गाडगे असे. त्यातच भाकरी घ्यायची, त्यातूनच पाणी प्यायचे. म्हणून लोकांनी गाडगेबाबा म्हटले. अंगावर चिंध्यांची गोधडी, म्हणून कोणी गोधडे महाराज म्हटले. खापराच्या तुकड्यावरून आणि चिंध्यांवरून पडलेली ही नावे; दुसऱ्या कोणाला ती अपमानाची वाटली असती. बाबांनी गाव झाडले, कीर्तन केले, पंढरपुरात चोखोबांच्या नावाने धर्मशाळा उभी केली, आणि १९५६ साली देह ठेवला तेव्हा ‘गाडगे’ हा शब्दच पवित्र होऊन बसला. गावाने प्रेमाने ठेवलेले टोपणनाव पाळण्यातल्या नावापेक्षाही खरे ठरू शकते. म्हणून परंपरा मोडायची नाही, निवडायची आहे. गहू निवडताना खडे काढतो, गहू फेकत नाही.

ही निवड कशी करायची, हे वारीने आपल्याला शिकवले आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालखी निघाली की एक नवल घडते. घरी, गावात, कचेरीत ज्याला जे नाव असेल ते मागे पडते आणि प्रत्येकाचे एकच टोपणनाव होते, माउली. माउली, जरा सरकून घ्या. माउली, पाणी घ्या. माउली, पाय दुखतो का? जमीनदार माउली, शेतमजूर माउली, बंदोबस्ताचा शिपाई माउली, चहावाला माउली, तंबूत शेजारी निजलेली अनोळखी म्हातारी तर माउलीच. हे नाव कसे खाली उतरत आले पाहा. आधी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले. मग वारकऱ्यांनी ज्ञानोबारायांना माउली म्हटले. आणि मग ते नाव वारकऱ्यांनी एकमेकांना वाटले, काल्याच्या लाह्या-दह्यासारखे. पुरुषाला आई म्हणावे, लहानाला आई म्हणावे, परक्याला आई म्हणावे, असे टोपणनाव जगात आणखी कुठे असेल तर मला ठाऊक नाही. ज्या चार पोरांना गावाने ‘संन्याशाची पोरे’ म्हटले, त्यांतल्याच एकाचे हे नाव आहे. निंदेला संप्रदायाने दिलेले हे उत्तर आहे.

पण पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, आपण एसटीत बसतो, आणि गावाची वेस लागली की काय होते? पंधरवडाभर ज्याला माउली म्हटले, ज्याच्या पायाला हात लावला, तोच पाराजवळ दिसतो आणि आपल्या तोंडातून निघते, ‘काय रे लंगड्या, आलास का जाऊन?’ तोही हसतो. हसण्यावाचून त्याच्या हाती काय असते? आपण समजतो, त्याला चालते. नामदेवही सभेत हसले असते तर त्यांना लागले नव्हते असे का म्हणायचे? नामदेवांना रडायला विठ्ठल तरी होता.

म्हणून पंढरीहून येताना तुळशीमाळ, बुक्का, चुरमुरे आणतो तशी एक सवय आणावी. कोणाला टोपणनावाने हाक मारण्यापूर्वी मनाशी एवढेच विचारावे: हे नाव मी त्याच्या सुनेसमोर, जावयासमोर, शाळेतल्या नातवासमोर घेईन का? त्याला स्वतःला ते पाळण्यातल्या नावाइतके आवडते का? बाळू, अप्पा, मळ्यातला तुका, विणेकरी नाना ही नावे या कसोटीला सहज उतरतील. ती जिवापाड जपावीत, ती गावची श्रीमंती आहे. जी उतरणार नाहीत ती चंद्रभागेत सोडून यावीत. दिंडीच्या चालकांनी आपल्या नोंदवहीत प्रत्येक वारकऱ्याचे नीट, पुरे नाव लिहून घ्यावे आणि फडावर त्याच नावाने पुकारा करावा. घरात वडिलांनी मुलाच्या व्यंगावरून, सासूने सुनेच्या रंगावरून पडलेले नाव मोडावे. ही गोष्ट लहान दिसते. पण ज्याला आयुष्यभर ते नाव ऐकावे लागले त्याला विचारा, ती किती मोठी आहे.

देवाला सहस्र नावे आहेत आणि त्यांतले कोणतेही घेतले तरी तो ‘ओ’ देतो. माणूस तेवढा मोठा नाही, तो दुखावतो. म्हणून त्याचे नाव देवाच्या नावाहूनही जपून घ्यावे. जीभ तीच आहे. हरिपाठ म्हणून ती शुद्ध झाली की नाही, हे ती शेजाऱ्याला काय म्हणून हाक मारते यावरून कळेल.

रामकृष्णहरी, माउली.